व्यापाऱ्यांच्या मनःस्थितीचे मोजमाप : ‘इंडिया विक्स’ काय सांगतो आणि काय नाही

शेअर बाजारातील भाव केवळ कंपन्यांच्या नफ्यातोट्यावर ठरत नाहीत. पुढे काय घडेल याविषयी व्यापाऱ्यांना वाटणारी आशा आणि भीतीही त्यांत उतरलेली असते. ही मनःस्थिती आकड्यांत मांडून बाजाराचा रोख ओळखण्याचा प्रयत्न जगभर केला जातो. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने त्यासाठी २००८ मध्ये ‘इंडिया विक्स’ हा निर्देशांक सुरू केला. शिकागो येथील ऑप्शन बाजाराचा, १९९३ पासून प्रसिद्ध होणारा ‘विक्स’ हा त्याचा आदर्श होय.

मोजमाप कसे होते?

निफ्टी घसरल्यास नुकसान भरून निघावे म्हणून गुंतवणूकदार ‘पुट ऑप्शन’ घेतात. हा एक प्रकारचा विमाच असतो. संकटाची शंका बळावली की विम्याची मागणी वाढते आणि त्याचा हप्ता महागतो. निफ्टीच्या पुट व कॉल ऑप्शनच्या अशा भावांवरून ‘इंडिया विक्स’ काढला जातो. येत्या ३० दिवसांत निफ्टीत किती चढउतार अपेक्षित आहे, हे तो वार्षिक टक्केवारीत दर्शवतो. निर्देशांक २० असेल, तर महिन्याभरात सुमारे पावणेसहा टक्क्यांची हालचाल अपेक्षित आहे, असा त्याचा स्थूल अर्थ होतो. ही हालचाल वर होईल की खाली, हे मात्र तो सांगत नाही.

पुट आणि कॉल सौद्यांचे परस्पर प्रमाण हे दुसरे प्रचलित माप आहे. ते एकापेक्षा बरेच वाढल्यास बाजारात सावधगिरी असल्याचे मानले जाते. तथापि, पुट विकणारा व्यापारी तेजीच्या अपेक्षेत असू शकतो. त्यामुळे एकाच आकड्याचे दोन अर्थ निघतात.

अनुभव काय सांगतो?

२३ मार्च २०२० रोजी करोनाच्या भीतीने सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी कोसळला. दुसऱ्या दिवशी ‘इंडिया विक्स’ ८० च्या वर होता. त्याच दिवशी निफ्टीने त्या घसरणीतील तळ गाठला आणि पुढे बाजार सावरत गेला. भीती शिगेला पोहोचली, तेव्हा विक्री ओसरत आली होती.

लोकसभा निवडणुकीच्या काळात, एप्रिल २०२४ च्या उत्तरार्धात, हा निर्देशांक १० च्या आसपास होता. मेअखेर तो २४ च्या वर गेला. वादळाची ही चाहूल खरी ठरली. परंतु मतदानोत्तर चाचण्यांच्या अंदाजानंतर, ३ जूनला, तो सुमारे २१ पर्यंत उतरला आणि सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी वधारला. प्रत्यक्ष निकालाच्या दिवशी, ४ जूनला, सेन्सेक्स ४,३८९ अंशांनी गडगडला. बाजार निश्चिंत झाला होता तो नेमका आदल्या दिवशी.

या मर्यादेची किंमत लहान गुंतवणूकदारांना मोजावी लागते. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर वायदे व ऑप्शन व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता.

किती जोखीम घ्यावी हे ठरवताना मनःस्थितीचे निर्देशांक उपयोगी पडतात. उद्या बाजार कोणत्या दिशेने जाईल, हे सांगणे त्यांच्या आवाक्यात नाही.