देवदार नेमका कोणता?

आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत उंच, सरळसोट झाडांची रांग आहे. आम्ही त्यांना अशोक म्हणतो. कोलकात्याहून आलेला माझा फ्लॅटमेट पहिल्याच दिवशी म्हणाला, "अरे, इथंही देबदारू!" मी हसलो. मनालीचे देवदार नुकतेच पाहून आलो होतो ना! पण चूक त्याची नव्हती. बंगालीत या झाडाचं नाव तेच आहे. खरा अशोक वेगळा, खरा देवदारही वेगळा. एक झाड, दोन्हीकडे उसनं नाव.

कोडमधलं एक चुकीचं नाव किती छळतं, हे मी रोज बघतो. झाडांच्या बाबतीत हा गुंता शतकाहून जास्त चालला. लिनिअसने १७५३ साली लेबननचा सीडर पाइनच्या वंशात टाकला. १७५७ मध्ये जर्मन वैद्य ख्रिस्तोफ याकोब ट्रू यांनी त्याच्यासाठी 'सेड्रस' हा वेगळा वंश मांडला. हिमालयातल्या झाडाला संस्कृत 'देवदारु'वरून शास्त्रीय नाव दिलं विल्यम रॉक्सबर्ग यांनी. ते काम करत होते कोलकात्याच्याच वनस्पती उद्यानात! पण त्यांनीही ते पाइनमध्येच ठेवलं. १८३० साली जॉर्ज डॉन यांनी ते सेड्रसमध्ये हलवलं.

खरा सीडर ओळखायचा कसा? सुयांसारखी पानं आखूड फांद्यांवर झुबक्यांनी येतात, वर्षभर हिरवी राहतात. शंकू फांदीवर ताठ उभे असतात आणि पिकल्यावर झाडावरच सुटे होऊन गळतात. पेन्सिलीचा 'सीडर' या कसोटीत नापास होतो. तो जुनिपर, म्हणजे सायप्रसच्या कुलातला.

तरीही सेड्रसमध्ये जाती किती, यावर एकमत नाही. हिमालय, लेबनन, अ‍ॅटलास पर्वत आणि सायप्रस मिळून कुणी चार मोजतं, कुणी सायप्रसच्या झाडाला लेबननचाच प्रकार मानतं. १८६२ मध्ये जोसेफ हुकर यांचा कल तर सगळे एकाच जातीचे मानण्याकडे होता.

हा वाद फक्त पुस्तकातला नाही. आययूसीएनच्या यादीत देवदार सुरक्षित आहे, अ‍ॅटलासचा सीडर मात्र संकटग्रस्त. दोघांना एकच नाव दिलं असतं, तर हिमालयातल्या मुबलक झाडांच्या आकड्यात मोरोक्को-अल्जीरियातली वाळत चाललेली जंगलं दिसलीच नसती. वेगळं नाव आहे, म्हणून त्यांची वेगळी मोजणी होते.