शिळा, भिंत आणि कोरा कॅनव्हास : चौलच्या किनाऱ्यावरील एका चित्रवाटेचा इतिहास

अलिबागहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता अक्षी, नागाव आणि चौल या गावांतून, नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या कडेकडेने, रेवदंड्याच्या खाडीपर्यंत जातो. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत ज्याचे दाते 'चेमुल'चे रहिवासी म्हणून नोंदलेले आहेत आणि अरब प्रवासी ज्याला 'सैमूर' म्हणत, ते प्राचीन बंदर म्हणजे हे चौल होय. येथील व्यापार, तटबंदी आणि आरमारी लढाया यांचा इतिहास विस्ताराने लिहिला गेला आहे. परंतु उघड्या जागी, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाच्याही नजरेस पडेल अशा पृष्ठभागावर खूण करण्याची जी रीत या किनाऱ्यावर दीर्घकाळ चालत आली, तिचा विचार चित्रकलेच्या संदर्भात क्वचितच झाला आहे. अमूर्त चित्र, म्हणजे वस्तूचे हुबेहूब रूप न दाखवता रंग, रेषा आणि आकार यांच्या परस्परसंबंधांतून उभे राहणारे चित्र, हे सामान्य माणसाच्या जगापासून तुटलेले असते, असा समज रूढ आहे. या परिसरातील दोन कलावंतांचे जीवनकार्य त्या समजाला छेद देते.

उघड्यावरच्या खुणेचे या भागातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अक्षी येथील शिलालेख हे आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार तो शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा असून मराठीतील आद्य शिलालेखाचा मान त्याला दिला जातो. शिलाहारकालीन कोकणात अशा दानलेखांच्या शिळा गावोगाव उभारल्या जात. त्यांतील 'गद्धेगाळ' या प्रकारात वर चंद्रसूर्य, मध्ये लेख आणि खाली दान मोडणाऱ्यासाठी शापाचे चित्र कोरलेले असे. वाचता न येणाऱ्यालाही चंद्रसूर्य पाहून दानाचे चिरकालिकत्व आणि खालचे चित्र पाहून शापाची जरब कळावी, अशी ही योजना होती, आणि त्यामुळे त्या शिळेवर अक्षर व आकृती हे एकाच विधानाचे दोन भाग बनत. पुढे १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी रेवदंड्यास ठाण मांडले आणि १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांच्या हाती जाईपर्यंतच्या काळात वेशींवर आणि चर्चच्या भिंतींवर राजचिन्हे व लेख कोरले. डॉ. जे. गर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसई येथील प्राचीन अवशेषांवरील आपल्या १८७६ च्या इंग्रजी ग्रंथात त्यांची दखल घेतली. शिळा असो की वेस, सत्तेने आणि दात्याने आपले नाव लोकांसमोर मांडण्याची ती जागा होती.

सत्ता किंवा संपत्ती यांपैकी काहीही हाताशी नसलेल्या माणसाला मात्र शिळा कोरून घेणे शक्य नव्हते. त्याच्यासाठी भिंत होती. अलिबागच्या उत्तरेस असलेल्या सासवणे या गावी १८९१ मध्ये जन्मलेले विनायक पांडुरंग करमरकर हे या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात. गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या घरात वाढलेल्या या मुलाने गावातील देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते, आणि दौऱ्यावर आलेले कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या ते नजरेस पडल्यामुळे त्या मुलाची मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकण्याची सोय झाली. ही हकीकत करमरकरांच्या चरित्रात नेहमी सुदैवाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. तथापि तिच्यातील निर्णायक घटक भिंत हा आहे. तेच चित्र पाटीवर किंवा वहीत काढलेले असते, तर ते घराबाहेर पडले नसते. देवळाची भिंत ही सर्व गावाची असल्याने तिच्यावरचे चित्र प्रत्येक येणाऱ्यापुढे आपोआप मांडले गेले, आणि ज्या काळात खेड्यातील मुलासाठी प्रदर्शन किंवा पारखी यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते, त्या काळात त्या भिंतीने दोन्हींचे काम केले. करमरकर पुढे कलकत्ता आणि लंडन येथे राहून नामवंत शिल्पकार झाले. १९२८ मध्ये पुण्यात बसवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ही त्यांची कीर्ती दूरवर नेणारी कृती ठरली. बालपणी भिंतीवर रेखाटलेला विषय त्यांनी अशा रीतीने पुन्हा उघड्यावर, लोकांसमोरच उभा केला. सासवण्याच्या राहत्या घरी त्यांची शिल्पे संग्रहालयाच्या रूपाने आजही पाहावयास मिळतात.

करमरकरांच्याच नातेसंबंधांतील पुढच्या पिढीचे चित्रकार प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ मध्ये चौलच्या शेजारच्या नागाव येथे झाला. वडील मुंबईच्या चित्रपटसृष्टीत कलाकाम करीत असल्याने बाजारासाठी, गर्दीच्या नजरेसाठी घडवली जाणारी कला बरव्यांना घरातूनच परिचित होती. सर ज. जी. कलाशाळेतील शिक्षणानंतर त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी पत्करली. हातमागाच्या कापडासाठी नवी नक्षी तयार करून ती विणकरांपर्यंत पोचवणारी ही सरकारी संस्था होती. सोळाव्या शतकात लिन्सखोटेन या डच प्रवाशाने ज्या चौलच्या रेशमी विणकामाची वाखाणणी केली, त्या बंदराच्या परिसरात जन्मलेल्या चित्रकाराने विणकामाच्या संस्थेत उमेदवारीची वर्षे काढावीत, हा योगायोग असला तरी त्याचा परिणाम खरा होता. कारण नक्षी करणाऱ्याला खोली, छाया आणि दृश्याचा आभास यांऐवजी सपाट आकार आणि त्यांच्यामधील मोकळी जागा यांचाच विचार करावा लागतो. याच नोकरीनिमित्त बनारसला असताना तांत्रिक यंत्रे, म्हणजे देवतेचे ध्यान करण्यासाठी आखलेल्या भौमितिक आकृती, त्यांच्या पाहण्यात आल्या, आणि १९६०च्या दशकातील त्यांच्या चित्रांवर त्यांचा ठसा उमटला.

बरव्यांच्या पुढील चित्रांत वापरलेला रंग विशेष बारकाईने पाहण्याजोगा आहे. तैलरंगाच्या जोडीला, आणि पुष्कळदा त्याच्या जागी, त्यांनी एनॅमल वापरले. दारे-खिडक्यांना, लोखंडी कपाटांना आणि दुकानांच्या पाट्यांना लावला जाणारा हा रंग पृष्ठभागावर पसरताना स्वतःच समतल होतो, त्यामुळे कुंचल्याचे फटकारे त्यात विरून जातात आणि वाळल्यावर चकचकीत, एकसंध थर तयार होतो. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला हा गुण हवा असतो, कारण त्याचे अक्षर लांबून स्पष्ट दिसावे लागते. बरव्यांनी तोच गुण वेगळ्या हेतूने कामी आणला : घड्याळ, पान, फळ यांसारखी ओळखीची वस्तू ते एनॅमलच्या सपाट थरात अशी मांडत की तिचे वजन, तिचा उपयोग आणि तिच्याभोवतीची गोष्ट गळून पडे, आणि मागे केवळ तिचा आकार व सभोवतीचे अवकाश उरे. त्यांचे चित्र पूर्णपणे वस्तुहीन नसले, तरी वस्तूला अमूर्ताच्या उंबरठ्यापर्यंत नेण्याची ही रीत मराठी चित्रकलेत त्यांची स्वतःची आहे. या प्रक्रियेचे चिंतन त्यांनी 'कोरा कॅनव्हास' या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी ग्रंथात केले. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या कार्याचे मोठे पुनरावलोकन मांडले.

उघड्यावरच्या खुणेपासून अमूर्त चित्रापर्यंतची ही वाट जगात अन्यत्रही चालली गेली आहे. न्यू यॉर्कमध्ये १९७०च्या दशकात तरुण मुले भुयारी रेल्वेच्या डब्यांवर स्प्रे-रंगाने आपली टोपणनावे लिहीत. त्यांच्यापैकी 'फ्युचुरा २०००' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेनर्ड मॅकगर यांनी १९८० मध्ये एक संपूर्ण डबा अशा रीतीने रंगवला की त्यावर अक्षरांना गौण स्थान राहून रंगांचे विरळ-दाट पट्टेच प्रमुख झाले. त्यानंतर त्यांचे काम कलादालनांत गेले आणि अमूर्त चित्र म्हणून पाहिले जाऊ लागले. तेथे हा प्रवास एका माणसाच्या हयातीत घडला, तर चौलच्या किनाऱ्यावर तो अनेक शतकांत आणि अनेक हातांत विभागला गेला. अक्षीच्या शिळेचा कोरक्या, सासवण्याचा मुलगा आणि नागावचा चित्रकार यांनी एकमेकांचे अनुकरण केले असे म्हणता येत नाही. परंतु खूण वाटसरूच्या नजरेत चटकन ठसली पाहिजे, ही उघड्या जागेची अट तिघांच्याही कामात दिसते. शिळेने त्या अटीसाठी अक्षराला आकृतीची जोड दिली, भिंतीने अनोळखी मुलाला प्रेक्षक मिळवून दिला आणि बरव्यांनी पाटीच्या रंगातून आकाराला अर्थाच्या ओझ्यातून मोकळे केले.

महाराष्ट्रातील आधुनिक चित्रकलेचा इतिहास बहुधा मुंबईची कलाशाळा आणि १९४७ चा प्रोग्रेसिव्ह गट यांपासून सुरू केला जातो. त्या संस्थांचे ऋण मोठे आहे. तरीही देवळाची भिंत, गावाची वेस आणि दुकानाची पाटी यांनी घडवलेली नजर त्या इतिहासातून वगळली, तर करमरकरांसारखा मुलगा कलाशाळेच्या दारापर्यंत कसा पोचला आणि बरव्यांच्या कॅनव्हासवर पाटीचा रंग का आला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अपुरी राहतात. म्हणून या किनाऱ्यावरील शिळा, वेशी आणि भिंती यांच्याकडे पुरातत्त्वाचे अवशेष म्हणून पाहत असतानाच महाराष्ट्राच्या चित्रविचाराची साधने म्हणूनही त्यांची नोंद आणि जपणूक होणे अगत्याचे आहे.