बॉक्सवुड: दारापुढचे सदाहरित झुडूप

अमेरिकेत नवे घर घेतले की पुढच्या दाराशी बिल्डरने लावलेली बारीक पानांची, गोल कापलेली हिरवी झुडपे बऱ्याचदा बॉक्सवुडची असतात. आपल्याकडच्या कोयनेलच्या कुंपणाचा हा थंड हवेतला भाऊबंद म्हणा ना! मात्र कोयनेल बघता बघता माजते, तर बॉक्सवुड वर्षाला जेमतेम ३ ते ६ इंच वाढते. म्हणूनच जुने झुडूप गेले की हळहळ वाटते.

लावताना पाण्याचा निचरा आधी पाहावा. छपराचे पाणी जिथे पडते तिथे हे झुडूप हमखास कुजते. मुळांचा गड्डा जमिनीच्या पातळीपेक्षा इंचभर वरच ठेवावा. मुळे उथळ असल्याने मल्च २ इंचांपेक्षा जाड नको आणि ते खोडाला टेकू देऊ नये. थंडीतले ऊन आणि बोचरे वारे लागले की पाने तांबूस होतात. त्यासाठी जमीन गोठण्यापूर्वी भरपूर पाणी द्यावे. कडक थंडीच्या भागात 'ग्रीन व्हेल्वेट' किंवा 'ग्रीन माउंटन' या जाती टिकतात. इंग्लिश बॉक्सवुड दिसायला सुरेख, पण उन्हात त्याला चक्क मांजराच्या मुतासारखा वास येतो, तेव्हा खिडकीखाली लावण्याआधी विचार करावा.

छाटणी हिवाळा सरता सरता करावी. ऑगस्टनंतर कापले तर कोवळी पालवी पहिल्याच हिमात करपते. नुसते वरून यंत्र फिरवल्याने बाहेर दाट कवच होते आणि आत काळोख. त्यापेक्षा हात आत घालून ६ ते ८ इंचांच्या काही डहाळ्या काढाव्यात, म्हणजे हवा खेळते.

हवा खेळणे महत्त्वाचे, कारण 'बॉक्सवुड ब्लाइट' ही बुरशी. अमेरिकेत ती २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलिना आणि कनेटिकटमध्ये आढळली आणि नंतर अनेक राज्यांत पसरली. पानांवर गडद तपकिरी ठिपके, कोवळ्या फांद्यांवर काळ्या रेघा आणि खालच्या बाजूने भराभर पानगळ ही तिची लक्षणे. फवारणीने बचाव होतो, लागण झालेले झुडूप बरे होत नाही. ते उपटून गळलेल्या पानांसकट पिशवीत बंद करून टाकावे, कंपोस्टमध्ये कधीही नको. बुरशी मातीत कित्येक वर्षे तग धरते. तिचे बीजाणू चिकट असतात. लॉन कापायला येणारा माणूस शेजारच्या आवारातली कात्री तशीच आपल्याकडे वापरत असेल, तर ती आधी अल्कोहोलने पुसून घ्यायला सांगावे. यात भीड बाळगू नये. पाणीही पानांवर न शिंपडता मुळाशी, सकाळी द्यावे. नवीन झाड घेणार असाल तर 'न्यूजेन इंडिपेंडन्स' किंवा 'न्यूजेन फ्रीडम' या जाती ब्लाइटला बऱ्यापैकी तोंड देतात. इंग्लिश बॉक्सवुड सर्वांत लवकर बळी पडते.

दुसरा शत्रू म्हणजे बॉक्स ट्री मॉथ. २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा काउंटीत हा पतंग सापडला. काळ्या पट्ट्यांच्या हिरव्या अळ्या आणि जाळी दिसल्यास काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला कळवावे.

हरणे सहसा या झुडपाला तोंड लावत नाहीत, कारण पाने विषारी असतात. कापलेल्या निरोगी डहाळ्या मात्र बरेच दिवस हिरव्या राहतात. आंब्याची पाने मिळाली नाहीत तर दसऱ्याच्या तोरणात झेंडूबरोबर छान शोभतात. फक्त नैवेद्याच्या ताटाभोवती मांडू नयेत आणि कुत्र्या-मांजरांच्या व लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत इतक्या उंच बांधाव्यात.