कुकडीकाठच्या किल्ल्यांवरची तीन मुलं

खोडदला नातेवाइकांकडे दोन दिवस मुक्काम होता. गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड ताटल्या आधीच पाहून झाल्या होत्या. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी इच्छा पुरी करायला निघालो. शिवनेरीवर मी अनेकदा गेलोय. बदामी तलाव, शिवाईचं देऊळ, पाण्याच्या टाक्यावर उभी असलेली कमानी मशीद आणि शिवजन्माची वास्तू पाहून झाली की पश्चिमेला माणिकडोह धरणाचं पाणी चमकताना दिसतं. त्या पाण्याच्या काठानं एकदा पायी जायचं, हे बरीच वर्षं मनात होतं.

नारायणगाव, मग जुन्नर आणि तिथून चावंडच्या वाटेची एसटी. पाणी जवळ आलं तसा उतरलो आणि पायवाटेनं काठाशी गेलो. कुकडी नदी इथं अडवली आहे. उत्तरेला हडसर, पुढे चावंड आणि त्याच्याही मागे, नाणेघाटाच्या तोंडाशी जीवधन. सातवाहनांच्या काळापासून कोकणातला माल घाट चढून याच खोऱ्यातून जुन्नरच्या बाजारात यायचा. एवढे किल्ले एका खोऱ्यात दाटीनं का उभे आहेत, याचं उत्तर त्या वाटेत आहे.

काठावर एक म्हातारे बाबा शेळ्या घेऊन बसले होते. "कुठलं पाव्हणं?" त्यांनी विचारलं. गाव सांगितलं, नाव सांगितलं. नाव ऐकून ते सहज म्हणाले, "मंग तुमच्या बादशाचा किल्ला बघाया आलाय व्हय?"

बोलण्यात खोच नव्हती. पण हा प्रश्न मला किल्ल्यांवर नेहमी भेटतो, कधी शब्दांत, कधी नुसता नजरेत. माझा बादशहा म्हणजे नेमका कोणता? काठानं चालताना तेच डोक्यात घोळत राहिलं.

जुन्नर ही निजामशाहीची जन्मभूमी. १४९०मध्ये मलिक अहमदनं इथूनच बहमनी सत्तेपासून स्वातंत्र्य पुकारलं. अहमदनगर वसलं ते नंतर, १४९४मध्ये. या मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, असं फिरिश्ता लिहितो. पुढे हबशी मलिक अंबरनं निजामशाही सावरली, तेव्हा काही काळ राजधानी पुन्हा जुन्नरला आली. भोसल्यांची चाकरीही याच दरबारातली. म्हणजे ज्याला आपण झटकन 'मुसलमानी राज्य' म्हणून मोकळे होतो, त्यात पाथरीचं रक्त होतं, हबशाची बुद्धी होती आणि मराठ्यांची तलवार होती.

समोरच्या चावंडकडे पाहिलं की मला बहादूर आठवतो. १५९५मध्ये इब्राहिम निजामशहा विजापूरकरांशी लढताना मारला गेला. त्याचा मुलगा बहादूर तेव्हा तान्हा होता. दरबारातल्या मियाँ मंजूनं भलत्याच एका मुलाला तख्तावर बसवलं आणि या खऱ्या वारसाला चावंडवर कैदेत टाकलं. विरोधी हबशी सरदारांनी बहादूरला मागितलं, तेव्हा मियाँ मंजूच्या हुकुमाशिवाय मूल द्यायला किल्लेदार तयार झाला नाही. मग त्यांनी मोती नावाचं एक पोर पुढे केलं आणि हाच राजवंशातला म्हणून जाहीर केलं! तख्ताला मूल हवं होतं. कोणाचं, हा प्रश्न दुय्यम होता.

बहादूरच्या पाठीशी उभी राहिली ती त्याच्या आजोबांची बहीण, चाँदबीबी. तिनं मुघलांच्या वेढ्यात अहमदनगर लढवलं आणि १५९६मध्ये वऱ्हाड देऊन तह केला. त्यानंतर बहादूर चावंडवरून नगरला आला. पण १६००मध्ये चाँदबीबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली, नगर पडलं आणि अकबरानं बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद केलं.

दुसरा मुलगा जीवधनचा. १६३३मध्ये मुघलांनी दौलताबाद घेतलं आणि तिथल्या हुसेन निजामशहालाही ग्वाल्हेरला धाडलं. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. शहाजीराजांना मात्र तसं वाटलं नाही. जीवधनवर कैदेत असलेल्या मुर्तजा या राजवंशातल्या पोराला त्यांनी सोडवलं, संगमनेरजवळच्या पेमगिरीवर नेलं आणि तख्तावर बसवलं. त्याला मांडीवर घेऊन शहाजीराजे कारभार पाहत, असं सांगतात. सुमारे तीन वर्षं त्यांनी हे राज्य शहाजहानविरुद्ध तोलून धरलं. शेवटी १६३६मध्ये माहुलीच्या वेढ्यात नाइलाज झाला. मुर्तजाला मुघलांच्या हवाली करावं लागलं आणि जुन्नर भागातले किल्लेही द्यावे लागले. मुर्तजाचीही रवानगी ग्वाल्हेरलाच झाली. एकाच किल्ल्यात तीन निजामशहा एकाच वेळी कैदेत होते, अशी नोंद शहाजहानच्या दरबारी इतिहासात आहे.

आणि तिसरा मुलगा शिवनेरीचा. १९ फेब्रुवारी १६३०चा जन्म. बाप जेव्हा मुर्तजासाठी लढत होता, तेव्हा हा तीन ते सहा वर्षांचा होता. पुढे त्यानं स्वतःचं राज्य उभं केलं. पण १६३६मध्ये मुघलांकडे गेलेला शिवनेरी, आपलं जन्मस्थान, त्याला हयातीत परत मिळाला नाही. चावंड मात्र त्यानं घेतला आणि त्याचं नाव प्रसन्नगड ठेवलं. बहादूरच्या तुरुंगाला हे नाव मिळावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चाळीसेक वर्षांत या एका खोऱ्यातल्या तीन किल्ल्यांवर तीन मुलं. त्यातलं एक मोठं झालं आणि महाराष्ट्र झालं. त्याचं स्मरण आपण करतो, करायलाच हवं. पण उरलेली दोन मुलंही याच मातीतली. त्यांची राज्यं घेणारे त्यांच्याच धर्माचे होते आणि त्यातल्या एकाला सांभाळण्यासाठी सर्वस्व पणाला लावणारा माणूस शिवरायांचा बाप होता. आता यात 'तुमचा' आणि 'आमचा' बादशहा कसा निवडायचा?

उन्हं कलली तसा मागे फिरलो. बाबा अजून तिथंच होते. शेजारी बसलो आणि चावंडकडे बोट दाखवून बहादूरची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. मग पाण्याकडे हात करून म्हणाले, "आमचं शेत बी हितंच हाय. खाली. धरणात गेलं तवा मी तरणा हुतो." पाणी कालव्यानं पार करमाळ्यापर्यंत जातं, हे त्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल ते फारसं बोलले नाहीत.

मी निघायला उठलो तेव्हा ते अजून चावंडकडेच बघत होते.

"लय वारं असतंय वर," ते म्हणाले. "लेकराला कशाचं राज्य आन् कशाची जात? त्याला थंडी वाजली आसंल."