उंबरठ्याच्या आतील कायदा : मोहफुले, कोलन वॉटर आणि मुंबई राज्यातील दारूबंदी

दारूबंदीच्या इतिहासाचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होतो. राष्ट्रीय चळवळीचा नैतिक कार्यक्रम हे एक अंग आणि शासनाच्या महसुलाचा प्रश्न हे दुसरे. दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत यात शंका नाही. परंतु या इतिहासाला तिसरेही अंग आहे आणि ते घराच्या उंबरठ्याशी निगडित आहे. नागरिकाने आपल्या घरात कोणती वस्तू ठेवावी, साठवावी वा वापरावी, हे ठरविण्याचा अधिकार शासनाला कोठपर्यंत आहे, हा प्रश्न दारूबंदीच्या निमित्ताने आपल्या प्रांतात फार लवकर उपस्थित झाला.

प्रस्तुत लेखात अशा दोन घरगुती वस्तूंचा मागोवा घेतला आहे. पहिली म्हणजे ठाणे-कुलाबा पट्ट्यातील आदिवासींच्या झोपडीत वाळवून ठेवलेली मोहाची फुले आणि दुसरी म्हणजे मुंबईतील सुखवस्तू घराच्या कपाटातील ओ-द-कोलनची बाटली. या दोन्ही वस्तू मद्य नव्हेत. एकीपासून मद्य होऊ शकते आणि दुसरीत मद्यार्क असतो, एवढ्यावरून कायद्याने त्यांच्यावर हात ठेवला. बाटलीची सुटका संपूर्ण दारूबंदी लागू झाल्यापासून तेरा महिन्यांच्या सुमारास झाली. फुलांना एकशे एकोणतीस वर्षे लागली.

१. फुलाचा गुन्हा

फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. पहाटे झाडाखाली पडलेला मांसल, गोड फुलांचा सडा बायका व मुले वेचतात आणि फुले उन्हात वाळवून साठवितात. भाजून वा शिजवून ती खाल्ली जातात, टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार देतात, गुरांना घातली जातात, बाजारात मीठ-मिरचीच्या बदल्यात दिली जातात. आणि त्यांची दारूही गाळली जाते. वारली, कातकरी, ठाकूर आदी समाजांत ही दारू लग्नकार्यात, देवकार्यात आणि मृत्युविधीत लागते. अन्न, चारा, चलन आणि नैवेद्य असे चार उपयोग असलेल्या या वस्तूला कायद्याच्या एकाच रकान्यात बसविणे मुळातच कठीण होते.

तरीही ते करण्यात आले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळपावरील नियंत्रण आवळले. विखुरलेल्या लहान भट्ट्या बंद करून गाळप मोजक्या ठिकाणी केंद्रित करावे, म्हणजे प्रत्येक गॅलनवर कर वसूल करता येईल, हे या धोरणाचे सूत्र होते. अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड हे त्याचे प्रमुख शिल्पकार होत. किनाऱ्यावरील उरण हे अशा गाळपाचे मोठे केंद्र बनले. आता गावच्या मोहाखालची फुले गावातच गाळणारा माणूस सरकारी महसुलाचा चोर ठरला. भट्टी मात्र पकडणे अवघड होते. मडके, नळी आणि चूल ही साधने कोणत्याही घरात असतात आणि पोलीस येईपर्यंत ती पुन्हा स्वयंपाकाची भांडी झालेली असतात. तेव्हा कृतीवर बंदी घालून भागत नाही असे दिसताच वस्तूवर बंदी घालण्याचा विचार पुढे आला.

१८८२ मध्ये या आशयाचे विधेयक मांडले गेले, पण ते तडीस गेले नाही. अखेर १८९२ मध्ये मोहफुलांसंबंधीचा कायदा संमत झाला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले जवळ बाळगणे, विकणे आणि त्यांची ने-आण करणे यांवर त्याने परवान्याचे निर्बंध घातले. या भागात फुलांचा उपयोग खाण्यापेक्षा गाळण्यासाठीच अधिक होतो, असे शासनाचे म्हणणे होते. हे म्हणणे क्षणभर खरे धरले तरी त्यातून निघणारे तत्त्व लक्षात घेतले पाहिजे. वस्तूचा गैरवापर होण्याचा संभव आहे, एवढ्या कारणाने तिच्या सर्व वापरांवर नियंत्रण येऊ शकते, हे तत्त्व येथे कायद्यात दाखल झाले. चुलीत जाळण्याच्या लाकडापासून लाठी होते म्हणून लाकडे बाळगण्यास परवाना लागावा, असे कोणी म्हटले असते तर ते हास्यास्पद ठरले असते. फुलांच्या बाबतीत कोणी हसले नाही, कारण फुले ज्यांच्या घरात होती त्यांचे हसणे वा रडणे कौन्सिलच्या सभागृहात ऐकू येण्याची सोय नव्हती.

२. बाटलीची मुक्तता

महसुलासाठी निर्माण झालेली ही यंत्रणा पुढे सर्वस्वी विरुद्ध उद्दिष्टासाठी वापरली गेली. प्रांतिक स्वायत्ततेच्या काळात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आणली. युद्धकाळात ती ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर खेर मुख्यमंत्री व मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. ब्रिटिश राजवटीला दारू हवी होती, पण ती कर भरलेली. नव्या राजवटीला दारू मुळीच नको होती. हेतू इतके भिन्न असूनही हत्यार तेच राहिले. 'मुंबई मोहफुले नियम, १९५०' हे त्याचे बोलके उदाहरण होय. सरकार बदलले, ध्येय बदलले, संविधान आले. फूल होते तेथेच राहिले.

१९४९ च्या कायद्यात 'मद्य' या शब्दाची व्याख्या अतिशय व्यापक होती. स्पिरिट, वाईन, बिअर, ताडी यांबरोबरच मद्यार्क असलेले सर्व द्रवपदार्थ तीत येत होते. ही व्याख्या शब्दशः घेतली तर द्राक्षासवाची बाटली, खोकल्याचे औषध, टिंक्चर आणि तापकऱ्याच्या कपाळावर ज्याच्या घड्या ठेवीत ते कोलन वॉटर ही सारी मद्येच ठरत होती. ही निव्वळ तार्किक कसरत नव्हती. मद्यार्कयुक्त औषधे व सुगंधी द्रव्ये नशेसाठी पिणारे लोक होते, आणि पळवाट बुजविण्यासाठीच व्याख्या इतकी रुंद केली होती.

या कायद्याला फ्रामजी नसरवानजी बालसारा या नागरिकाने संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, वाईन व बिअरबरोबरच औषधी वाईन आणि ओ-द-कोलन बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क मान्य व्हावा, अशी त्यांची मागणी होती. मुख्य न्यायमूर्ती छगला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने २२ ऑगस्ट १९५० रोजी कायद्यातील अनेक तरतुदी अवैध ठरविल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ मे १९५१ रोजी न्यायमूर्ती फझल अली यांनी निकालपत्र दिले. दारूबंदीचा कायदा करण्याचा विधिमंडळाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. लष्करी भोजनगृहांना व परदेशीयांना दिलेली सवलत उच्च न्यायालयाने समतेच्या विरोधी मानली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली. मात्र औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त पदार्थांचा ताबा, विक्री व वापर यांवरील बंदी अवाजवी म्हणून रद्द झाली. मद्याची नुसती प्रशंसा करणे हा गुन्हा ठरविणारा भागही भाषणस्वातंत्र्याच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणजे १९५१ च्या मे अखेरीस मुंबईतील माणसाला व्हिस्कीची स्तुती करण्याचे स्वातंत्र्य होते, व्हिस्की पिण्याचे नव्हते.

बालसारा निकालाचा गौरव नागरी स्वातंत्र्याचा विजय म्हणून केला जातो. हा गौरव काहीशा सावधपणे स्वीकारला पाहिजे. कोलनची बाटली सुटली ती घर ही खाजगी जागा आहे म्हणून नव्हे. ती सुटली मालमत्ता धारण करण्याच्या अनुच्छेद १९(१)(च) मधील हक्कामुळे. बाटली ही मालमत्ता होती आणि तिच्यावरील निर्बंध वाजवी नव्हता, एवढाच तो युक्तिवाद होता. घरातील निवडीचे स्वातंत्र्य, खाजगीपणा, स्वतःच्या देहावरील हक्क यांपैकी कशाचाही त्याला आधार नव्हता. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हा मूलभूत हक्कच संविधानातून वगळला. ज्या खुंटीवर हे स्वातंत्र्य टांगले होते ती खुंटीच निघाली. दरम्यान १९५२ च्या दुरुस्तीने, मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य अशी प्रसाधने व औषधे कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली, आणि कोणता पदार्थ पिण्यायोग्य व कोणता अयोग्य हे ठरविण्यासाठी तज्ज्ञांचे मंडळ नेमण्याची तरतूद झाली. घरातील बाटलीचे भवितव्य न्यायालयाकडून तज्ज्ञांकडे गेले.

३. परवानाधारक कुटुंबप्रमुख

दारूबंदीच्या या व्यवस्थेत घरी मद्य ठेवण्याचा मार्ग अगदीच बंद नव्हता. मात्र तो परवान्याच्या फाटकातून जात होता आणि हे फाटक बहुतेकांना आजारपणाच्या नावाने उघडावे लागे. प्रकृतीच्या रक्षणासाठी परवाना, परदेशी व्यक्तीसाठी परवाना, पर्यटकासाठी परवाना असे त्याचे प्रकार झाले. यांत सर्वांत उद्बोधक आहे तो आणीबाणीचा परवाना. कुटुंबात कोणाला अचानक औषध म्हणून ब्रँडी, रम वा शॅम्पेन लागली तर ती घरात असावी, यासाठी हा परवाना कुटुंबप्रमुखाला देण्याची सोय कायद्याने केली. (शॅम्पेन हे कोणत्या आकस्मिक व्याधीवरील औषध, याचा खुलासा कलमात नाही.) शासनाने येथे कुटुंबप्रमुखाला एका अर्थी आपला प्रतिनिधी नेमले आणि औषधाच्या बाटलीची जबाबदारी त्याच्यावर टाकली. ज्याला फक्त प्यावेसे वाटते, अशा निरोगी प्रौढ नागरिकाची नोंद या वर्गीकरणात करता येत नव्हती. त्याला रुग्ण व्हावे लागे किंवा गुन्हेगार.

बालसारा निकालानंतर चारच दिवसांनी, २९ मे १९५१ च्या रात्री, मुंबईत कुलाब्याकडे जाणाऱ्या एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालविणारे पेसिकाका हे परिवहन खात्यातील अधिकारी होते. त्यांच्या तोंडाला मद्याचा वास येत होता. आपण मद्यार्कयुक्त औषध घेतले होते असे त्यांचे म्हणणे होते. वास सिद्ध झाल्यावर तो औषधाचा होता हे आरोपीने दाखवावे, की तो निषिद्ध मद्याचा होता हे सरकारने सिद्ध करावे? सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये बहुमताने सिद्धतेचा भार सरकारवर ठेवला व आरोपी सुटला. विधिमंडळाने १९५९ च्या दुरुस्तीने या निकालाला उत्तर दिले. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के वा अधिक आढळल्यास ते औषधाचे होते हे दाखविण्याचा भार आरोपीवर आला. घराच्या कपाटात काय आहे या प्रश्नाची जागा आता नागरिकाच्या धमन्यांत काय आहे या प्रश्नाने घेतली.

सिद्धतेच्या भाराचा हाच मुद्दा सहा दशकांनी वेगळ्या वस्तूच्या संदर्भात पुन्हा उद्भवला. महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यातील २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने, राज्याबाहेर कत्तल झालेल्या गोवंशाचे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरविला होता आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला होता. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी कत्तलबंदी कायम ठेवून या दोन तरतुदी मात्र रद्द केल्या. या वेळी आधार मालमत्तेचा नव्हता; अनुच्छेद २१ मधील खाजगीपणाचा होता. पुढील वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. १९५१ मध्ये बालसारा यांच्या वकिलांना जो युक्तिवाद उपलब्ध नव्हता, तो अशा रीतीने सहासष्ट वर्षांनी उपलब्ध झाला.

मोहफुलांच्या वाट्याला यांपैकी कोणताही निकाल आला नाही. न्यायालयात कोलनची बाटली नेण्यास वकील, फी, इंग्रजी आणि सवड लागते. ज्यांच्या घरात फुले होती त्यांच्याजवळ यांतील काही नव्हते. २००६ च्या वनाधिकार कायद्याने गौण वनोपजावर त्यांची मालकी मान्य केली, तरी तेच वनोपज घरात साठविताना अबकारी खात्याचे १९५० चे नियम आड येत होते. एका खात्याने मालक ठरविलेला माणूस दुसऱ्या खात्याच्या लेखी संशयित होता. अखेर २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध सैल केले. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाने स्वातंत्र्याचा सिद्धान्त मांडला नव्हता. फुलांना बाजारमूल्य आहे, त्यांपासून खाद्यपदार्थ होतात, आदिवासींना त्यातून उत्पन्न मिळेल, असा हा हिशेब होता. फुले घरात ठेवता येतील. त्यांची दारू देवकार्यासाठी घरी गाळणे हा आजही गुन्हा आहे. शहरातील परवानाधारकाने दुकानातून आणलेली बाटली घरी उघडणे हा गुन्हा नाही.