वाटाड्यापासून जीपीएसपर्यंत



आता आपल्या जिल्ह्यात गावोगावी चारचाकी दिसते. कुणाच्या घरी जीप आहे, कुणाचा मुलगा पिकअप चालवतो, कुणाचा दीर पुण्यात भाड्याची गाडी चालवतो. गटातल्या काही जणींनीही स्टिअरिंग हातात घेतलंय. गाडी दारात आली की एक वाद हमखास निघतो. म्हातारी माणसं म्हणतात, "वाट विचारायला तोंड दिलंय ना देवानं? मग यंत्र कशाला?" पोरं म्हणतात, "जीपीएस नसेल तर गाडी बाहेर काढायचीच नाही." कुणाचं खरं? निवाडा करण्याआधी जरा मागे जाऊन बघू. यंत्र नव्हतं तेव्हा माणसं वाट कशी शोधायची, आणि ती रीत का बदलली?

सुरुवात आपल्या नर्सीपासूनच करू. संत नामदेवांचा जन्म १२७० सालचा. ते ज्ञानेश्वरांच्या सोबतीनं तीर्थयात्रेला गेले आणि पुढे थेट पंजाबातल्या घुमानपर्यंत पोचले, अशी परंपरा सांगते. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. नर्सी ते घुमान हे अंतर आजच्या रस्त्यानं दीड हजार किलोमीटरच्या वर भरतं. त्या काळी असा लांबचा प्रवास करणाऱ्याच्या हाती नकाशा नसायचा. नदीचं खोरं, डोंगराची रांग, दिवसा सूर्य, रात्री ध्रुवतारा, या खुणा होत्या. त्याहून मोठा आधार सोबतीचा होता. यात्रेकरूंचे जथे, बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणारे बंजारे, यांना पुढचं पाणी कुठे आणि मुक्काम कुठे हे ठाऊक असायचं.

जवळच्या प्रवासाला गावोगावी वाटाड्या असे. बलुतेदारीत हे काम महार समाजाच्या माथी होतं. आलेल्या प्रवाशाला किंवा सरकारी अंमलदाराला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं, तिथून पुढे त्या गावच्या माणसानं न्यायचं. दोन गावांत शिवेचा वाद निघाला तर साक्षही त्याचीच घेत. गावाचा सगळा नकाशा त्या माणसाच्या डोक्यात असे. आणि मोबदला काय? तुटपुंजं वतन, आणि रात्री-अपरात्री हाक आली की निघायचं. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागणारं विधेयक मांडलं, ते याच राबणुकीतून सुटका व्हावी म्हणून. म्हणून "पूर्वी कसं, विचारत विचारत माणूस पोचायचा" असं कौतुकानं म्हणताना, सांगणाऱ्यानं काय सोसलं तेही आठवावं.

विचारण्यात धोकाही होता. हिंगोली शहरात पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं आजही चालतात. निजामाच्या राज्यात इथे फौजेची मोठी छावणी होती, तिच्या या खुणा. त्याच काळात ठगांची दहशत होती. वाटेत गोड बोलून सोबत धरायची, विश्वास संपादन करायचा आणि आडजागी गळा आवळायचा, ही त्यांची पद्धत. हिंगोलीच्या छावणीत राहणारा एक कापडाचा व्यापारीच ठगांचा म्होरक्या निघाला, असं त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलंय. इंग्रजांनी ठगांचं प्रकरण फुगवून सांगितलं, असं आजचे काही इतिहासकार म्हणतात. तरी एवढं खरं की वाट विचारायला नुसतं तोंड पुरत नाही, समोरचा माणूसही भरवशाचा लागतो. रात्री एकटीनं गाडी चालवणाऱ्या बाईला हे आजही वेगळं सांगायला नको.

आता नकाशाकडे येऊ. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं साखळीनं जमीन मोजायला सुरुवात केली. आधी एक सरळ रेघ मोजायची, मग तिच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीकडे दुर्बिणीनं बघून कोन मोजायचा, आणि त्रिकोणाच्या हिशेबानं टेकडी किती दूर ते काढायचं. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत हे लोक दक्षिणेतून वर सरकत गेले. जंगलातल्या तापानं त्यांतली कितीतरी माणसं मेली. हैदराबादहून नागपूरकडे जाताना १८२३ साली लॅम्बटन वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचं काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं चालवलं, ज्याचं नाव पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. देशाचा मोजून काढलेला नकाशा असा पायी फिरून तयार झाला. तो इंग्रजांनी आपल्या राज्यकारभारासाठी केला. बैलगाडीवाल्याच्या हाती तो कधी आला नाही.

गाडीवाल्यासाठी होते मैलाचे दगड. आज त्यांवर किलोमीटर लिहिलेले असतात, तरी आपण म्हणतो मैलाचा दगड. त्याच्या डोक्याचा रंग बघत जा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, आपला अकोला-हिंगोली-नांदेड रस्ता तसा. हिरवा असेल तर राज्य महामार्ग. केशरी असेल तर गावाचा रस्ता. अक्षर न येणाऱ्यालाही कळावी अशी ही खूण आहे.

गावांची नावंही वाट दाखवतात. बुद्रुक आणि खुर्द हे शब्द मुळात फारसी. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे धाकटं. एकाच नावाची दोन गावं शेजारी असली की कागदोपत्री घोळ होऊ नये म्हणून जुन्या कारभारात ही सोय झाली. हा घोळ अजून संपलेला नाही. नर्सी आपल्याकडे आहे, तशी नांदेड जिल्ह्यात नायगाव तालुक्यातही आहे. गोरेगाव आपल्या सेनगाव तालुक्यात आहे, तसंच मुंबईतही. मोबाईलमध्ये नुसतं नाव टाकलं तर तो बिचारा कुठलंही गाव दाखवेल.

मग हे जीपीएस आलं कुठून? अमेरिकेच्या लष्करानं ते स्वतःसाठी बनवलं. पहिला उपग्रह १९७८ साली सोडला. १९८३ साली कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून रशियाच्या हद्दीत शिरलं, आणि रशियन लढाऊ विमानानं ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की ही सोय जगातल्या साध्या लोकांनाही मिळेल. तरीही २००० सालापर्यंत साध्या लोकांसाठीचा संदेश मुद्दाम अंधुक ठेवलेला होता, शंभर मीटरपर्यंत चूक व्हायची. मे २००० मध्ये तो अडसर काढला आणि मग गाडीतलं जीपीएस खऱ्या अर्थानं उपयोगाचं झालं. किल्ली दुसऱ्या देशाच्या हाती नको, म्हणून आपल्या इस्रोनंही २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडले. त्या व्यवस्थेचं नाव 'नाविक'.

हे काम चालतं घड्याळावर. वीस हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत आपली वेळ कळवत असतात. तो संदेश पोचायला किती उशीर लागला यावरून मोबाईल हिशेब करतो की आपण कुठे आहोत. निदान चार उपग्रह दिसावे लागतात. आईनस्टाईननं सांगितलं होतं की गुरुत्वाकर्षण कमी असेल तिथे घड्याळ पुढे पळतं, आणि वेगात फिरणारं घड्याळ मागे पडतं. या दोन्हींचा हिशेब केला तर उपग्रहावरचं घड्याळ रोज सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी ३८ भाग पुढे जातं. एवढीशी चूक सुधारली नाही तर एका दिवसात जागा दहा किलोमीटरनं चुकेल. आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार आहे, तीही आईनस्टाईनच्याच सिद्धांतातल्या गुरुत्वलहरी टिपण्यासाठी. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले.

आता मुद्द्याची गोष्ट नीट ऐका. जीपीएस फक्त एवढंच सांगतं की तुम्ही या घडीला कुठे उभे आहात. पुढचा रस्ता कसा आहे ते उपग्रहाला दिसत नाही. रस्ता दाखवतो तो मोबाईलमधला नकाशा, आणि तो कुणीतरी कधीतरी भरलेला असतो. पूल वाहून गेला आणि कुणी कळवलंच नाही, तर नकाशात पूल शाबूतच राहतो.

याची किंमत माणसांनी मोजली आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याकडची तीन माणसं कळसूबाईला निघाली होती. रात्री मोबाईलनं दाखवलेल्या रस्त्यानं त्यांची गाडी अकोले तालुक्यात धरणाच्या पाण्यात गेली. तिथला पूल पाण्याखाली गेलेला होता. दोघं पोहून बाहेर आले, चालवणारा बुडाला. पूल बुडालाय हे आसपासच्या गावांना माहीत होतं, पण रस्त्यावर इशाऱ्याची पाटी नव्हती, असं तेव्हा बातम्यांत आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या तुटलेल्या पुलावरून गाडी खाली पडली, तिघं गेले. तिथेही मोबाईलवर रस्ता सरळ दाखवत होता. आपल्याकडे पावसाळ्यात कयाधूला पूर आला की कोणता पूल आधी बुडतो, हे नदीकाठच्या बाईला विचारा. ती बघितल्या बघितल्या सांगेल. मोबाईलला ते कुणी सांगितलंय का?

तर मग ड्रायव्हरला जीपीएस लागतं का? परक्या शहरात, रात्री, एकट्यानं किंवा एकटीनं जाताना लागतं. ते रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या भरवशावर राहू देत नाही, आणि कुणाला वेठीलाही धरत नाही. पण पावसाळ्यात, आडरस्त्याला, धरणाकाठी ते पुरत नाही. तिथे काच खाली करून गावच्या माणसाला विचारावंच लागतं. आणि नकाशा निघण्याआधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवावा. रेंज गेली तर उपग्रहाचा संदेश येत राहतो, पण खालचा नकाशा कोरा पडतो.

विचारणाऱ्याचं काम हे झालं. सांगणाऱ्याचं काम आपलं. राज्यात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. तांड्यावर, वस्तीवर एखादीला रात्री कळा सुरू झाल्या तर नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही. गाव, तालुका, फाटा, तिथली मोठी खूण, वस्ती कोणत्या हाताला, एवढं एका दमात सांगता आलं पाहिजे. आणि एकानं बॅटरी घेऊन फाट्यावर उभं राहायला पाहिजे.

येत्या गटाच्या बैठकीत अर्धा तास याला द्या. आपल्या गावाकडे येणारे सगळे रस्ते वहीत काढा. पावसात बुडणारा पूल, कठडा नसलेली विहीर, नावाची पाटी नसलेली वस्ती, एकेक टिपून घ्या. पाटीसाठी आणि इशाऱ्याच्या फलकासाठी ग्रामसभेत ठराव मांडा. ज्या मुलीला मोबाईल नीट येतो तिला सांगून वस्तीचं नाव नकाशात भरून घ्या, बंद रस्ता कळवून ठेवा. आणि १०८ ला काय सांगायचं, ते चार ओळींत लिहून अंगणवाडीच्या भिंतीवर लावा.