आज्ञावलीचा आरसा

पाठ्यपुस्तकात छपाईची चूक राहिली, की शाळेत शुद्धिपत्र येते. 'पृष्ठ ४२, ओळ ७ : धन ऐवजी ऋण वाचावे.' शिक्षक ते वर्गात वाचून दाखवतात, मुले पेन्सिलीने दुरुस्ती करतात. पण एखाद्या मुलाकडे थोरल्या भावाचे जुने पुस्तक असेल तर? त्याच्या बेचाळिसाव्या पानावर सातव्या ओळीत 'धन' हा शब्दच नसतो. शुद्धिपत्र बरोबर, पुस्तकही चुकीचे नाही, पण दोघांची आवृत्ती जुळत नाही.

संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्राम, एकत्र मिळून लिहिणाऱ्यांच्या इतिहासात ही साधी अडचण फार मोठी ठरली. आज्ञावलीचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, हाही शेवटी ओळीओळींनी लिहिलेला मजकूरच असतो. तो दुरुस्त करणारा माणूस सगळा मजकूर परत पाठवत नाही, फक्त फरक पाठवतो : अमुक ओळ काढा, तमुक घाला. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये 'पॅच' नावाची एक छोटी आज्ञावली लिहिली. असे शुद्धिपत्र वाचून ती दुरुस्ती आपोआप करू लागली. तिच्यात एक हुशारी होती. ती नुसता ओळीचा क्रमांक पाहत नाही, दुरुस्तीच्या वरच्या आणि खालच्या काही ओळीही ताडून पाहते. त्यामुळे ओळी थोड्या सरकल्या असल्या तरी तिला जागा सापडते. मात्र त्या आजूबाजूच्या ओळीच कोणी बदलल्या असतील तर ती दुरुस्ती नाकारते.

म्हणून दूरदेशीच्या एखाद्या अनोळखी माणसाला दुरुस्ती पाठवायची असेल, तर त्याच्यापाशी मूळ लेखकाकडे आज आहे तोच मजकूर हवा. तीन महिन्यांपूर्वीचा चालत नाही. इथेच 'मिरर' म्हणजे आरसा ही कल्पना येते. मूळ मजकूर एका संगणकावर असतो. दुसरीकडचा एखादा संगणक ठराविक वेळाने त्याची हुबेहूब प्रत स्वतःकडे उतरवून घेतो आणि आपल्या परिसरातील लोकांना देतो.

आरंभी आरशाचा हेतू फक्त ओझे वाटून घेण्याचा होता. सप्टेंबर १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपली लिनक्स ही संगणक-प्रणाली फिनलंडच्या फुनेट या जाळ्यातील संगणकावर ठेवली, तेव्हा ती अवघ्या १० हजार ओळींची होती. अमेरिकेतून ती उतरवून घेणे म्हणजे मंद गतीच्या सामायिक तारेवर ताटकळत बसणे. एमआयटी संस्थेत काम करणाऱ्या थिओडोर त्सो या तरुणाने मग टीएसएक्स-११ नावाच्या संगणकावर तिची प्रत ठेवली. उत्तर अमेरिकेतील लिनक्सचा हा पहिला आरसा. गंमत अशी, की आरसा टांगणारा माणूस स्वतःच कामाला लागला. जानेवारी १९९२ च्या ०.१२ आवृत्तीत, चालू काम बाजूला ठेवून दुसरे हाती घेण्याची जी सोय आली, ती त्सोची. पुढे लिनक्समध्ये फाइली साठवण्याच्या व्यवस्थेचा तो एक प्रमुख सांभाळकर्ता झाला.

पण हे आरसे दाखवत काय होते? तयार झालेली आवृत्ती. रोजचे काम दिसत नसे, आणि अमुक ओळ कोणी, कधी, कशासाठी बदलली हेही कळत नसे. ती माहिती वेगळ्या ठिकाणी होती, आणि त्या जागेला कुलूप होते.

ती जागा म्हणजे सीव्हीएस. तिची जन्मकथा शिक्षकांना आवडावी अशी आहे. १९८४-८५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठातील डिक ग्रुने हे शिक्षक आपल्या दोन विद्यार्थ्यांसह एक आज्ञावली लिहीत होते. एक विद्यार्थी वेळेवर येऊन वेळेवर जाणारा, दुसऱ्याला वेळेचा धरबंध नाही आणि गुरुजींना सवड संध्याकाळी. तिघे एकाच वेळी एका टेबलाशी बसणे अशक्य. म्हणून ग्रुने यांनी अशी व्यवस्था रचली, की प्रत्येकाने आपापल्या प्रतीवर काम करावे आणि बदल एका सामायिक भांडारात जमा व्हावेत, तेही प्रत्येक बदलाच्या इतिहासासकट. हे भांडार अर्थातच आतल्या मंडळींसाठी होते.

ते बाहेरच्यांना उघडून देण्याची कल्पना एका भांडणातून पुढे आली. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधून निघालेला नेटबीएसडी हा प्रकल्प १९९३ मध्ये चौघांनी सुरू केला. त्यांपैकी कॅनडात कॅलगरी येथे राहणारे थिओ डी राट यांना डिसेंबर १९९४ मध्ये त्यांच्या वागण्याबद्दलच्या तक्रारींवरून बाजूला करण्यात आले, आणि भांडाराची किल्लीही काढून घेण्यात आली. कोण बरोबर होते याचा निवाडा करण्याचे कारण आपल्याला नाही. डी राट जिभेचे तिखट होते, हे त्यांचे मित्रही मान्य करतील. पण कालपर्यंत जो मजकूर स्वतः लिहिला, त्याचा आजचा पाठ पाहायला मिळू नये ही अवस्था त्यांनी काही महिने सोसली. ऑक्टोबर १९९५ मध्ये त्यांनी ओपनबीएसडी हा वेगळा प्रकल्प काढला. आणि मग जे कोणी केले नव्हते ते केले : भांडार जगातल्या कोणालाही, नाव न विचारता, वाचायला खुले केले.

हे बोलायला सोपे, करायला अवघड होते. सीव्हीएसमध्ये नुसते वाचणारासुद्धा भांडारात एक छोटी खूण ठेवतो : 'मी वाचत आहे, तोवर कोणी लिहू नये.' खूण ठेवायची म्हणजे लिहिण्याची परवानगी हवी. वाचनालयात पुस्तक चाळण्यासाठी नोंदवहीत सही करणे भाग असावे, आणि नोंदवही ग्रंथपालाच्या कुलूपबंद कपाटात असावी, तसा हा प्रकार. परक्याला कपाटाची किल्ली कशी द्यावी?

चक क्रॅनॉर आणि डी राट यांनी काढलेला तोडगा आरशाचाच होता. परक्यांसाठी भांडाराची प्रत वेगळ्या संगणकांवर ठेवायची, ती काही तासांनी मुळावरून ताजी करायची. सीव्हीएसमध्ये असा बदल करायचा, की प्रत फक्त वाचण्यासाठी आहे असे सांगितले तर त्याने खुणेचा आग्रह सोडावा. शिवाय पाहुण्याला संगणकाच्या एका बंद खोलीत बसवायचे, जिथून त्याला भांडाराखेरीज काही दिसत नाही. या व्यवस्थेचे वर्णन करणारा निबंध त्या दोघांनी १९९९ मध्ये युझनिक्स या संस्थेच्या परिषदेत मांडला.

आता कोणीही कालची दुरुस्ती पाहून आज तिच्यावरची दुरुस्ती पाठवू शकत होता. एखादी ओळ विचित्र वाटली तर ती तशी का आहे याची टीपही वाचता येत होती. माझ्या मते ताज्या मजकुराइतकेच मोल या टिपांचे आहे. नवख्याच्या निम्म्या चुका, पूर्वी कोणी तरी विचार करून केलेली गोष्ट अनवधानाने मोडल्यामुळे होतात.

प्रथा पसरली. जीसीसी हा भाषांतरक प्रोग्राम बाहेरच्यांना दाद देत नाही अशी तक्रार होती. १९९७ मध्ये काहींनी त्याची खुली शाखा काढली, आणि एप्रिल १९९९ मध्ये तीच अधिकृत मानली गेली. मोझिलाचा मजकूर १९९८ मध्ये खुला झाला, आणि बाहेरच्यांसाठी भांडाराचा आरसाही आला. भारतात त्या काळी इंटरनेट नुकतेच आले होते (विदेश संचार निगमने सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी). अनेकांच्या हाती लिनक्स आले ते संगणकविषयक मासिकासोबतच्या सीडीवर. सीडी हाही आरसाच, पण त्यात काही महिन्यांपूर्वीचा चेहरा दिसायचा.

एप्रिल २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी 'गिट' लिहिले आणि मूळ व प्रतिबिंब यांतला फरक जवळजवळ मिटला. गिटची प्रत्येक प्रत सगळा इतिहास घेऊनच येते. मूळ कोणते, हे केवळ लोकांनी मानण्यावर असते. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहब या ठिकाणी तर प्रत करून घ्यायला आणि बदल सुचवायला एकेक बटणच दिले होते. ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सच्या मुख्य संगणकांत घुसखोरी झाल्याचे उघड झाले, ते बंद ठेवावे लागले, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबरात आपला मजकूर गिटहबवर ठेवला. मुख्य संगणक पुन्हा चालू झाले, तरी ती प्रत तिथे राहिली.

आणि लोक बटण दाबू लागले. आपली सूचना पोचली असे त्यांना वाटे, पण टोरवाल्ड्स बटणाने आलेले बदल घेत नाहीत. त्यात कामाचा तपशील हरवतो, असे त्यांनी २०१२ मध्ये सुनावले. लिनक्सच्या दुरुस्त्या ई-मेलनेच जातात. पोस्टग्रेस या माहितीसंग्रहाच्या मंडळींनी तर आपल्या प्रतीवर पाटीच लावली, की हा फक्त आरसा आहे. पाहुणा दारावर टकटक करतो, आणि दार भिंतीवर रंगवलेले निघते. माणसे बोलावण्यासाठी टांगलेल्या आरशाने माणूस हिरमुसून परत जावा, हे मला तरी बंद भांडारापेक्षा वाईट वाटते. पायथॉनवाल्यांनी २०१७ मध्ये आणि एलएलव्हीएमवाल्यांनी २०१९ मध्ये वेगळा मार्ग धरला : ते बिऱ्हाडासकट आरशातच राहायला गेले.

खुद्द गिटचे काम आजही ई-मेलवर चालते, आणि त्याची गिटहबवरील प्रत आरसाच आहे. पण २०१८ पासून तिथे गिटगिटगॅजेट नावाचा एक यांत्रिक मदतनीस बसवलेला आहे. योहानेस शिंडेलिन यांनी तो घडवला. पाहुण्याने बटणाने पाठवलेला बदल तो रीतसर ई-मेलच्या साच्यात बसवून आतल्या मंडळींकडे धाडतो, आणि त्यांची उत्तरे पाहुण्याच्या पानावर आणून चिकटवतो. अट एकच. पहिल्यांदा येणाऱ्याचे पत्र तो आपणहून नेत नाही. आधी आत प्रवेश मिळालेल्या कोणी तरी त्या पानावर 'अलाउ' हा शब्द आणि नवख्याचे नाव टंकावे लागते.